मालक, हितं कोण बसायचं?

प्रिय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री जेवणं झाल्यावर आई शेडकडं गेली आणि बराच वेळ परत आली नाही. बघायला गेलो, तर ती इंटरच्या, म्हणजे आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या, डाव्या मडगार्डच्या कडेवर हात ठेवून उभी होती. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. घरात आलो आणि हे पत्र लिहायला बसलो. ट्रॅक्टर घेऊन तुम्ही दारात आलात त्या दिवशी मला धड आभारही मानता आले नव्हते. घसा दाटून आला होता आणि तुम्ही तर चहा घेऊन लगेच निघालात.

माझं नाव कुठं घालू नका, असं तुम्ही बजावलंत म्हणून ते लिहीत नाही. उद्यमनगरात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आमच्या अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, १९७० मध्ये भूविकास बँकेचं कर्ज काढून बी-२७५ घेतला. मूळ इंग्लंडात बनणारं हे मॉडेल, पण आमचा कांदिवलीचा. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून जी कंपनी काढली, तिथं तो तयार झाला. ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली, पण आमच्या भावकीत त्याला ‘इंटर’ म्हणतात ते आजतागायत. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पस्तीस हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर, मागचे दोन. अण्णा ते आकडे घरातल्या माणसांच्या जन्मतारखांसारखे सांगायचे.

बहात्तरच्या दुष्काळात रान नांगरायचं कामच उरलं नव्हतं. इंटरच्या मागं ट्रॉली, ट्रॉलीत पिंपं, आणि अण्णा कृष्णेवरून वाडीला पाणी आणायचे. तात्या, म्हणजे माझे वडील, तेव्हा सात वर्षांचे. ते डाव्या मडगार्डवर बसायचे. पुढं वीस वर्षांनी त्याच मडगार्डवर मी बसलो, स्टिअरिंगवर तात्या. आज हे कुणी मुलाला करू देऊ नये, धोक्याचं आहे. पण आमच्या घरात मुलगा बापाशी निवांत बोलायचा तो तिथंच, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून.

तात्या गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या आधी कितीतरी वर्षं इंटर बंदच होता. वर्षश्राद्धाच्या आत तो चालू करायचा आणि जसा कंपनीतून आला तसा करायचा, असं मी ठरवलं आणि एका गॅरेजला दिला. नाव घेत नाही. आठ महिने त्यांनी ठेवून घेतला आणि तीनदा उचल नेली. परत आणला तेव्हा मी रस्त्यावरच थांबलो. भगव्याकडं झुकणारा झगझगीत लाल, रिमला पिवळा, बॉनेटवर रेडियमचे पट्टे. नाकावरचा आय-एचचा बिल्ला गायब. डायनामो गायब, त्या जागी कुठल्याशा जीपचा अल्टरनेटर. चौकशी केली तर गॅरेजचे मालक म्हणाले, “जुनं काय करायचंय साहेब, भंगारात दिलं.” चालू करायला एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरावा लागत होता, कारण चालू करण्याआधी इंजिन तापवणाऱ्या हीटरची वायरच कापून टाकलेली. ज्या बोल्टला साडेचार सुती पाना लागतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिथं त्यांनी पंधरा नंबरचा, म्हणजे मिलिमीटरचा, घालून सगळे कोपरे गोल करून ठेवले होते. श्राद्धाच्या दिवशी मी त्यावर ताडपत्री टाकली. पाहुण्यांना दाखवावासा वाटला नाही.

पैसे गेल्याचं दुःख एक वेळ पचतं. मला सलत होतं ते वेगळंच. त्यांनी एकदाही फोन करून विचारलं नव्हतं की हे काढू का, हे टाकू का. तात्यांनी आयुष्यभर सांभाळलेली वस्तू, आणि कुणी ती किलोच्या भावानं देऊन टाकली. त्यानंतर एक हॉटेलवाले आले होते. दारात शोभेला ठेवतो म्हणाले, वर दिवे लावणार होते. त्या दिवसांत मी खरंच खचलो होतो. हो म्हणायच्या बेतात होतो.

आणि मग तुमच्याकडं आलो.

तुम्ही आधी किंमत सांगितली नाहीत. खिशातून छोटी बॅटरी काढून अर्धा तास नुसतं बघत बसलात. मग खाकी कापडाची गुंडाळी सोडलीत, तर आत सुताचे पाने, एकेक कप्प्यात एकेक. हँडल घासून गुळगुळीत झालेली. “माझ्या उस्तादाचे हायत,” म्हणालात. तिथंच मी निश्चिंत झालो.

रंगाची गोष्ट तर मी चार जणांना सांगून झालो आहे. मी मोठ्या उत्साहानं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या लाल रंगाचा नंबर शोधून आणला होता, २१५०. तुम्ही तो नीट लिहून घेतलात आणि म्हणालात, “नंबर अमेरिकेचा आहे, मालक. ट्रॅक्टर कांदिवलीचा आहे. आपण आधी आपल्या पत्र्याला विचारूया.” मग डिझेल टाकीचा पट्टा सोडलात. त्या पट्ट्याखाली बोटभर रुंदीची एक पट्टी निघाली. पन्नास वर्षांत तिला ना ऊन लागलं होतं, ना पाऊस. तुम्ही ओल्या फडक्यानं ती पुसलीत आणि तो गडद, जरा काळसर झाक असलेला लाल वर आला. मी लहानपणी पाहिलेला रंगही तो नव्हता. तो तर आधीच उडालेला होता. अण्णांनी १९७० मध्ये पाहिला असेल तो हा. रंगाच्या दुकानात तुम्ही संध्याकाळी गेला नाहीत. ट्यूबलाइटखाली लाल फसवतो, म्हणून सकाळी दहाच्या उन्हात टाकी घेऊन गेलात आणि तिसऱ्या वेळी जुळेपर्यंत दुकानदाराला उठू दिलं नाहीत. रिमचा रंगही तसाच, चाकाच्या नटाखाली, वॉशरच्या गोलात दडलेला.

बिल्ला पंजाबातून मागवलात, जुन्या इंटरचा, थोडा पोचा आलेला. तो बसवताना तुम्ही मला दाखवलंत, “हा काळा एच म्हंजे समोरून दिसणारा ट्रॅक्टर, दोन बाजूला दोन चाकं. आणि मधला लाल आय म्हंजे वर बसलेला गडी.” पुढं वाचलं, की रेमंड लोवी नावाच्या अमेरिकन डिझायनरनं ती खूण काढली होती. लहानपणापासून मी ती बघत होतो आणि मला कधी माणूस दिसला नव्हता.

इंजिनाचं काय काय झालं ते इथं लिहीत बसत नाही. बिलात आहे, आणि बिलात लिहिलंय त्याहून जास्त केलंत हे मला कळलं आहे. डायनामो कुठून आणलात ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

मला लिहायचं आहे ते त्या फोनबद्दल.

मी पुण्याहून एसटीनं येत होतो, साताऱ्याच्या पुढं आलो होतो. तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, काहीतरी अडलं असणार, पैसे लागणार. तुम्ही म्हणालात, “मालक, एक विचारायचं होतं. मडगार्ड घासाय घेतलंय. वर त्या गॅरेजवाल्याचा रंग, त्याच्याखाली कुणीतरी ब्रशनं मारलेला, त्याच्याखाली कंपनीचा. सगळीकडं तीन थर निघाल्यात. पण डाव्या मडगार्डच्या पुढच्या कडेला वीतभर जागेत कंपनीचा थरच न्हाई. ब्रशच्या रंगाखाली थेट लोखंड, आणि लोखंड असं गुळगुळीत, की पॉलिश केल्यागत. गंज असता तर खरबरीत लागलं असतं. ही हातानं झालेली झीज हाय.” आणि मग थांबून म्हणालात, “हितं कोण बसायचं?”

मिस्त्री, मला उत्तर देता येईना. फोन कानाला तसाच धरून मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुम्हीही घाई केली नाहीत. तिकडून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, तो तुम्ही कुणाला तरी सांगून बंद करायला लावलात. मग मी म्हणालो, “वडील बसायचे. आणि नंतर मी.”

“मग ही जागा रंगवू का ठेवू?”

एवढंच तुम्ही विचारलंत. ब्रशचा रंग तात्यांनीच एका दिवाळीला मारलेला, म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताचा ठसा स्वतःच झाकून टाकला होता. तो तुमच्या घासायच्या कागदाखाली पुन्हा वर आला. पुट्टी भरून, प्रायमर मारून तुम्ही तो बुजवून टाकला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. मलाही कळलं नसतं. काम उलट सफाईदार दिसलं असतं.

आता ती वीतभर जागा आहे तशी आहे. चारी बाजूंनी अण्णांच्या वेळचा लाल, मध्ये उघडं लोखंड, त्यावर गंज धरू नये म्हणून पारदर्शक लॅकरचा पातळ हात. जुने ट्रॅक्टर जतन करणारे एक गृहस्थ परवा येऊन गेले. बाकी सगळं पाहून खूश झाले, मग तिथं बोट ठेवून म्हणाले, एवढं मूळ स्थितीत आणलंत, ही जागा तेवढी राहिली. मी त्यांना म्हणालो, आमच्या इंटरची मूळ स्थिती ही आहे. त्या बिल्ल्यात गडी एकच दाखवलाय, आमच्या इंटरवर नेहमी दोघं असायचे.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी माणसं किती थोडी आहेत, हे मला या दोन वर्षांत दिसलं. तात्या दवाखान्यात असताना त्यांची औषधं बदलली तरी आम्हाला कुणी सांगत नव्हतं. पण रात्रपाळीची एक सिस्टर होती, ती त्यांना कुशीवर वळवायच्या आधी म्हणायची, “आजोबा, वळवू का?” तात्या तेव्हा बोलू शकत नव्हते, तरी ती विचारायची आणि जरा वेळ थांबायची. तुमचा फोन झाल्यावर मला पहिल्यांदा तीच आठवली. त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले. तुमचे राहू द्यायचे नाहीत म्हणूनही हे लिहितोय. त्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली होती. त्यांचंही नाव मला माहीत नाही.

तुम्ही आणून दिलात त्या सकाळी गाव जमलं होतं. तुम्ही सीटवर बसला नाहीत. मला बसवलंत आणि खाली उभं राहून हीटर किती वेळ धरायचा ते बोटांवर मोजून दाखवलंत. चारही हीटर एका माळेत जोडलेले, एक जळाला की चारही गार, म्हणून घाई करायची नाही असं म्हणालात. मी धरला, तुम्ही मान डोलावलीत, मी सेल्फ मारला. पहिल्या झटक्याला धरला नाही. दुसऱ्याला धरला. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. “आलं का हे,” असं तिच्या तोंडून निघून गेलं. तात्या रानातून यायचे तेव्हा ती तेच म्हणायची.

तुम्ही ऐकलं असेल, नसेल. तुम्ही तेव्हा खाली वाकून सायलेन्सरच्या धुराचा रंग बघत होतात.

आता एक विनंती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं इंटरची पूजा असते. बंद होता तेव्हाही तात्या हार घालायचेच. या वर्षी तुम्ही या. घरच्यांनाही आणा. जेवण इथंच, आणि चहा घेऊन लगेच निघायचं नाही. येताना तुमच्या उस्तादांच्या पान्यांची ती खाकी गुंडाळी आठवणीनं आणा. ती बॉनेटवर ठेवून, इंटरच्या आधी तिला हळद-कुंकू वाहायचं, असं आईनं ठरवलं आहे. हार दोन सांगून ठेवलेत.

तुमचा,
अण्णांचा नातू, तात्यांचा मुलगा