छायालेखकाचा विसर नको

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ‘द गॉडफादर’च्या (१९७२) पडद्यामागील किश्श्यांचा लेख वाचला; मात्र मार्लन ब्रँडो यांनी चित्रपटभर गालांत कापूस ठेवला होता, हे विधान बरोबर नाही. गाल फुगवण्याची तशी तात्पुरती युक्ती त्यांनी केवळ चाचणी-चित्रीकरणात केली होती; पुढे त्यासाठी दंतवैद्याकडून खास साधन बनवून घेतले गेले. त्याहून खटकले ते हे, की छायालेखक गॉर्डन विलिस यांचा लेखात उल्लेखच नाही. ब्रँडो यांनी साकारलेल्या डॉनचे, म्हणजे माफिया टोळीच्या म्होरक्याचे, डोळे सावलीत ठेवून त्याच्या मनाचा थांग लागू न देणारा, डोक्यावरून सोडलेला प्रकाश ही त्यांचीच कल्पना. चिपळूणच्या एका चित्रपटगृहात मी ऑपरेटर असताना हा चित्रपट लावला, तेव्हा पहिल्याच प्रसंगात प्रेक्षक ‘लाइट वाढवा’ म्हणून ओरडू लागले आणि मीही घाईने प्रोजेक्टरच्या दिव्यातील कार्बनच्या कांड्या जुळवल्या. पण त्या काळोख्या खोलीनंतर लग्नसमारंभाचे लख्ख ऊन पडद्यावर आले आणि प्रिंटमध्ये दोष नाही, हे उमगले. एवढे काम करूनही त्या वर्षी ऑस्करसाठी विलिस यांना साधे नामांकनही मिळाले नव्हते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त ऑपरेटर, चिपळूण