बारा बोअर (नळीच्या रुंदीचं माप) बंदूक वापरणाऱ्या ट्रॅप व स्कीट (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी) सभासदांसाठी सूचना

सराव २४ ग्रॅम छर्र्यांच्याच काडतुसांवर होईल. स्पर्धेतली मर्यादा हीच आहे, त्यामुळे जड लोड आणून उगाच खांदा सुजवून घेऊ नये. ट्रॅपला साडेसात नंबरचा छर्रा (साधारण २.४ मि.मी.) आणि घट्ट चोक (नळीचं तोंडाशी निमुळतं होणं), स्कीटला नऊ नंबर (२ मि.मी.) आणि मोकळी नळी. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. नव्या मंडळींची इथे हमखास गल्लत होते. छर्र्याचा व्यास २.६ मि.मी.च्या वर चालणार नाही.

वडिलोपार्जित जोडनळी (दुनळी बंदूक) आणणाऱ्यांनी आधी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) मोजून घ्यावा. जुन्या विलायती बंदुकांत तो बरेचदा ६५ मि.मी.चा असतो. ७० मि.मी.चं काडतूस त्यात बसतं, म्हणून फसायला होतं. पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

वीस बोअरचं (बाराहून बारीक) पिवळं काडतूस बारा बोअरवाल्याच्या खिशात दिसता कामा नये. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, चाप ओढला तरी काहीच होत नाही, आणि रिकामी समजून वर बारा बोअरचं भरलं की नळी फुटते. ही चूक जुन्या हातांकडूनही होते.

बार फुसका वाटला तर थांबा, बंदूक मोडून (सांध्यावर उघडून) रिकामी करा, नळीतून आरपार बघा. आत वॅड (काडतुसातलं छर्र्यांमागचं बूच) अडकलेला असू शकतो. बार झालाच नाही तर बंदुकीचं तोंड रेंजकडेच ठेवून ३० सेकंद थांबावं.

स्टेशनबाहेर (बार टाकायच्या जागेबाहेर) बंदूक मोडलेली आणि रिकामीच हवी. परवाना मूळ प्रतीत सोबत आणावा.