मीठ पातेल्यातच राहतं, आप्पा

माइन्त्स, जर्मनी, २३ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. आई पत्र उघडल्या उघडल्या तेवढंच शोधणार, म्हणून आधी लिहिलं. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि कानटोपी घालते. जेवणाचं विचारू नका. कांदा-लसूण चटणीचा डबा अर्ध्यावर आलाय, त्यावरून काय ते समजा.

फोनवर आप्पा "बरं, बरं" म्हणून आईकडे देतात आणि आई माझीच तब्येत विचारत बसते. म्हणून हे पत्र. छकुलीनं परवा सगळं सांगितलं. तिला रागावू नका, मी खोदून विचारलं. आप्पांनी दम्याचा रोजचा पंप बारा दिवस बंद ठेवला, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याची वाफ घेतली आणि तेराव्या रात्री दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर लावावा लागला. आई, तू मला काय सांगितलंस? "जरा धाप लागलेली."

चूक माझी आहे. सप्टेंबरात बाड क्रॉइत्सनाखहून फोन केला तेव्हा मीच मोठ्या उत्साहात म्हणाले, की इथली माणसं दम्यासाठी मिठाची हवा खातात. आता ते नीट सांगते.

ते गाव इथून रेल्वेनं तासाच्या आत. नाहे नदीच्या खोऱ्यात लाकडी चौकटींच्या भिंती आहेत, नऊ मीटर उंच, सगळ्या मिळून किलोमीटरभर लांब. चौकटीत काटेरी फांद्या ठासून भरलेल्या, आपण शेताच्या कडेला बाभळीचे काटे रचतो तशा. जमिनीतलं खारं पाणी वर चढवायचं आणि त्या काट्यांवरून थेंब थेंब सोडायचं. हा खटाटोप मुळात दम्यासाठी नव्हताच, मिठासाठी होता. शिरोड्याच्या मिठागरात ऊन फुकट, इथं ऊन कुठलं? पातळ खारं पाणी तसंच उकळायचं तर लाकूड किती लागणार! म्हणून आधी वाऱ्यानं आटवायचं, मग भट्टीवर. आप्पा, काहिलीत पडायच्या आधीच रसातलं निम्मं पाणी वाऱ्यानं उडालं असतं तर गुऱ्हाळवाल्याची चिपाडं किती वाचली असती, तसा हिशोब. पाण्यातला चुना काट्यांवर धरतो. एक जुनी फांदी मी हातात घेऊन बघितली, पार दगड झालेली.

१८१७ मध्ये तिथल्या एका डॉक्टरांनी खाऱ्या पाण्याच्या आंघोळी सुरू केल्या आणि गाव आजाऱ्यांचं झालं. आता लोक भिंतीपाशी येऊन बसतात. म्हणजे नुसते बसतात! रंकाळ्यावर आपण बसलो की भेळ येते, ओळखीचं कोणीतरी येतं, निदान भांडण तरी होतं. इथं कोट घालून, मांडीवर शाल घेऊन, तोंड ओल्या काट्यांकडे करून डोळे मिटायचे. बोलायचं नाही, खायचं नाही. शेजारच्या आजींना मी भाजलेले शेंगदाणे पुढे केले, तर त्यांनी आधी घड्याळ बघितलं. अर्धा तास पुरा झाला, त्या उठल्या, भिंतीला एक फेरी मारली, परत आल्या आणि मग दोन दाणे घेतले. जोतिबाला प्रदक्षिणा घालतात तेवढ्या श्रद्धेनं, फक्त गुलाल नाही.

फोनवर इथपर्यंतच सांगितलं होतं. पुढचं राहिलं. भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि दहा मिनिटांत मला खोकल्याची उबळ आली, धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप घ्यावा लागला. तुम्हाला पाठवलेला हसरा फोटो त्यानंतरचा. तुम्ही तो सगळ्या गल्लीला दाखवलात म्हणे.

माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फिरायला खुशाल जा, पण पंप खिशात ठेवून. कफ सुटायला कुणाला मदत होते, कुणाला नुसतं बरं वाटतं, पण दमा त्यानं बरा होतो असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. उलट दमा आहे का ते तपासायला ४.५ टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार मुद्दाम श्वासातून देतात आणि श्वासनळ्या आवळतात का ते बघतात. सिस्टिक फायब्रोसिस म्हणून जन्मजात आजार आहे, फुप्फुसात गोंदासारखा कफ साठतो, त्यात ७ टक्क्यांचं पाणी औषध म्हणून देतात. तो आजार वेगळा, आपला वेगळा.

आणि आप्पा, तुम्ही शाळेत शास्त्र शिकवलंत हो. पाणी उकळलं की वर येते ती पाण्याची वाफ, मीठ पातेल्यातच राहतं. इथं वारा खारे तुषार उडवतो म्हणून ते नाकापर्यंत येतात. तुम्ही बारा दिवस साध्या पाण्याची वाफ घेतलीत. पहिले काही दिवस बरं वाटलं ते वाफेनं नाही, आधी घेतलेल्या पंपाची शिल्लक होती. ती संपली आणि नळ्यांची सूज परत आली. त्यात आता गळीत हंगाम, गच्चीवर काजळी पडत असणार.

रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे म्हटलं की तुम्ही घाबरता. पण पंपातून जातं ते मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट नळ्यांत. गोळीचं माप मिलिग्रॅमचं, हजारपट मोठं. मी पंधरा वर्षं घेतेय आणि तुमच्यापेक्षा जोरात भांडतेय. बंद करायचा तर डॉक्टरांना विचारून, माझ्या फोनवरून नाही.

छकुलीच्या याद्या झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. कार्यालयाच्या विसाराचे दीड लाख सोमवारी खात्यावर येतील. कर्ज काढू नका. सुट्टी दहाच दिवसांची मिळाली आहे. हळदीच्या आदल्या दिवशी पोचते आणि पूजा झाली की निघते. आई, बस्त्याला मी नसेन, हे तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. माझी साडी छकुलीला निवडू दे. ती फोनवर "मी जेवलो, मी आलो" म्हणते ना, तेवढंच कोल्हापूर मला रोज मिळतं.

थोरलीच्या आधी धाकटीचं, असं चारचौघं म्हणतील. म्हणू देत, माझ्यासाठी तिचं अडवू नका. इचलकरंजीच्या स्थळाचा फोटो बघितला. माणूस चांगला दिसतो. पण मी कायमची परत येणार का, असं त्यांनी विचारलंय. ते मला तुम्हालाच सांगता येत नाही, त्यांना काय कळवू? लग्नात बोलू.

तुमची,
ताई

ता. क. आप्पांनी रात्री पंप घेतल्यावर चूळ भरायची, विसरायचं नाही. छकुलीनं त्या गुळण्यांचा आवाज रोज मला मोबाइलवर पाठवायचा. आप्पांना सांगू नका, नाहीतर मुद्दाम मोठ्यानं करतील.