भिंतीला तडा गेला म्हणून वाडा पाडू नका : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नाशिकला गोदाकाठच्या जुन्या पेठेत आमचा वाडा आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला, दुमजली, एका चौकाचा. तीन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर त्याच्या दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अशा नोटिसा निघतात, हे आपणास ठाऊकच आहे. त्यात गैर काही नाही. पावसाळ्यात वाडे खरोखरच पडतात आणि खाली माणसं सापडतात. रात्रभर पाऊस लागला की आम्हीही वासे कुरकुरताहेत का, ते ऐकत जागे असतो.

नोटिशीनंतर आम्ही रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. आलेले अभियंते तरुण होते, मेहनती होते. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. त्याचे त्यांनी फोटो काढले आणि वाडा सी-१ वर्गात टाकला. म्हणजे अतिधोकादायक, रिकामा करून पाडा. अहवाल वाचताना मी एका शब्दाशी अडले. दिवाणखान्याच्या कडीपाटाला त्यांनी 'स्लॅब' म्हटलं होतं.

साहेब, आमच्या वाड्याला स्लॅब नाही आणि त्याचा मुख्य भार भिंतींवरही नाही. घडीव दगडाच्या जोत्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांच्या माथ्यावर हस्त म्हणजे तुळई पेलणारे लाकडी आधार, त्यांवर तुळया, मग कड्या, पाट आणि वर मातीचा थर. सगळं ओझं या सांगाड्यातून जमिनीत उतरतं. म्हणून तर आपल्याकडे घर किती मोठं ते खणांवर, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांवर सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि त्यांनीच माणसं मारली. पण जिथे खणाचा सांगाडा धड होता, तिथे कित्येक घरांची छतं खांबांवर उभी राहिली. असं घर तपासायचं तर आधी सांगाडा तपासायला हवा. आमच्याकडे फक्त भिंत तपासली गेली.

मग आम्ही ओळखीतून एका वयस्कर सुतारमिस्त्रींना बोलावलं. तड्याकडे त्यांनी नुसती नजर टाकली. पिशवीतून हातोडी काढून ते एकेका खांबाला खालून वर ठोकत गेले आणि कान देऊन ऐकत राहिले. तळमजल्यावरच्या सोळा खांबांपैकी चौदा खणखणीत वाजले, मोरीलगतचे दोन बद्द. मोरीच्या भिंतीला वीस वर्षांपूर्वी आम्हीच हौसेनं सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल सुकून जाते, सिमेंटखाली ती कोंडते आणि लाकडात शिरते. दोन्ही खांबांचे पाय आतून कुजले, खांब बोटभर खचले, तुळई कलली आणि तिच्या ओढीनं भिंत फाटली.

मिस्त्रींनी तुळईखाली जॅक लावले आणि रोज सकाळी थोडं थोडं उचलत दहा दिवस घेतले. घाई केली तर खांबाच्या माथ्यावरचं कुसू, म्हणजे वरच्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक, फुटेल, म्हणाले. तुळई जागेवर आल्यावर त्यांनी दोन्ही खांबांचा हातभर कुजका भाग कापून काढला आणि जुन्याच सागाचे तुकडे तिरका सांधा करून जोडले. लोखंड वापरलं नाही, लाकडाच्याच खुंट्या मारल्या. सांध्यात नख शिरत नाही. सिमेंट खरवडून काढलं, चुना महिनाभर भिजवून ठेवला आणि भिंत चुन्यातच पुन्हा बांधली. सासूबाईंनी या घरात सत्तर पावसाळे काढलेत. चुन्याचा पहिला हात झाला तेव्हा त्या भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभ्या होत्या.

काम झालं, पण नोटीस उठली नाही. ती उठवायला अभियंत्याचा दाखला लागतो आणि लाकडी सांगाड्यावर सही करायला तिघांनी नकार दिला. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "आरसीसीचा हिशेब मांडता येतो, लाकडाचा आम्ही कधी केलाच नाही." लाकडी बांधकामासाठी आयएस ८८३ ही भारतीय मानक संहिता आहे. सराफ बाजारातला सरकारवाडा आणि पुण्यातला विश्रामबागवाडा दुरुस्त करून जपता आले, म्हणजे हे काम जाणणारे वास्तुविशारद आणि कारागीर राज्यात आहेत. त्यांची आणि लाकूड समजणाऱ्या अभियंत्यांची यादी प्रत्येक जुन्या शहरासाठी करा. त्यांनी सांगाडा तपासल्याशिवाय कुठल्याही लाकडी घराला सी-१ लावू नये. आणि दुरुस्ती झाली की त्यांच्याच दाखल्यावर नोटीस मागे घेतली जावी. माझी मुख्य मागणी हीच आहे.

भाडेकरूंचा प्रश्न आपण जाणताच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुरुस्ती मालकानं करायची. त्यानं नाही केली तर भाडेकरूनं करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाला फक्त पाव हिश्श्यापर्यंत. महिना पन्नास रुपये भाडं असलेल्या खोलीत हा पाव हिस्सा म्हणजे वर्षाचे दीडशे रुपये. त्यात एक कडीही येत नाही. मग दोघंही वाडा आपोआप पडायची वाट बघत बसतात. दोघांनी मिळून दुरुस्ती केली तर सरकारनं खर्चाचा वाटा उचलावा, निदान मालमत्ता करात सूट द्यावी. पाडून बांधणाऱ्याला एफएसआय, म्हणजे जास्तीचं बांधकाम करायची मुभा दिसते. वारसा यादीत नसलेला वाडा जपणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

लाकडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाला, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण दोन खांबांपुरतं लाकूड हवं असलेला घरमालक वनखात्याच्या लाकूड आगारातल्या लिलावात कुठे उभा राहणार? शिवाय नवा साग जुन्या सांध्यात घातला की पुढे वाळून आकसतो, मिस्त्री त्याला हात लावायला नाखूश असतात. त्यांना मुरलेलं लाकूड हवं असतं आणि ते रोज आपल्या डोळ्यांदेखत जातं. पेठेत वाडा उतरवला की खांब, तुळया, कोरीव हस्त, सगळं टेम्पोत भरून भंगाराच्या भावानं विकलं जातं. पुढे त्याची कुठल्याशा रिसॉर्टची टेबलं होतात. जुन्या शहरात पालिकेनं एक वखार चालवावी. पडणाऱ्या वाड्याचं लाकूड रास्त भावानं तिथे विकत घ्यावं आणि दुरुस्ती करणाऱ्यांना मापानं विकावं. आमच्या खांबांना जोडलेला साग शेजारच्या पाडलेल्या वाड्याचाच आहे. तो टेम्पोत चढायच्या आत मिस्त्रींच्या नजरेला पडला, म्हणून मिळाला.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं जोरात आहेत. लाखो लोक याच गल्ल्यांतून रामकुंडाकडे जातील. गर्दीच्या सुरक्षेसाठी धोकादायक घरांची यादी पुन्हा होईल आणि व्हायलाही हवी. त्या यादीत नाव घालण्याआधी खांब ठोकून ऐकणारं कुणीतरी पाठवा, एवढंच मागते.

वैशाखात आम्ही कौलं चाळायला घेतो. तेव्हा माळ्यावरून आढ्यापर्यंतचं सगळं लाकूड उघडं दिसतं. आपण किंवा आपल्या खात्यातलं कुणी त्या दिवसांत यावं. मिस्त्रींनाही बोलावून ठेवते. दारावरची नोटीस अजून आहे, घर सापडायला अडचण पडणार नाही.

आपली विश्वासू,
जुन्या पेठेतली एक रहिवासी