मोटरहोम घेऊन घाटात निघालेल्या लेकीस

देवगड

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत दोनदा वाचला. डेन्व्हरहून मोटरहोम, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची, अमेरिकेतली रॉकी माउंटन, ग्रँड टेटन, यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्यानं करत थेट ग्लेशिअर उद्यानापर्यंत जाऊन दहा दिवसांत परत यायचं. आई खूश आहे, तिने शेजारी-पाजारी सांगूनही टाकलं. मलाही फार आनंद झाला. पण नकाशा उघडून अंतरं मोजायला बसलो आणि ठरवलं की हे फोनवर बोलायचं नाही, लिहूनच पाठवायचं, म्हणजे तू आणि प्रसादराव दोघांना शांतपणे वाचता येईल.

आधी मुख्य ते सांगतो. या खेपेला ग्लेशिअर सोड. डेन्व्हर ते ग्लेशिअर जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या घरात जातं, पार्कांतलं फिरणं वेगळंच. मोबाइलवर जे तास दिसतात ते कारचे असतात. पंचवीस फुटी गाडी, आत सहा माणसांचं सामान, टाकीत पाणी, असं सगळं घेऊन चढाला लागलं की ते तास विसरायचे. आणि एवढं करून तिथे पोचल्यावर जो रस्ता बघायला जायचं, तो गोइंग-टू-द-सन रोड आपल्या गाडीला बंदच आहे. त्यावरची खिंड, लोगन पास, २,०२६ मीटरवर आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे कडा कोरून काढलेली वाट आहे आणि त्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत. रुंदी आरशांसकट मोजतात. म्हणजे मोटरहोम खाली लावून दुसऱ्या वाहनाने जावं लागणार. त्यापेक्षा पुढे कधीतरी तिथे विमानाने जा, छोटी गाडी घे आणि मनसोक्त फिर.

रॉकी माउंटनसुद्धा मोटरहोममध्ये नको. ते तुमच्या घरापासून जवळ आहे. आम्ही आल्यावर चार-पाच दिवसांनी तुमच्या कारने एका दिवसात ट्रेल रिज रोड करून येऊ. चार-पाच दिवस म्हणतोय ते आईसाठी. आम्ही समुद्राच्या काठावरची माणसं. तुमचं डेन्व्हर शहरच १,६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढं. आणि तो ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. उतरल्या उतरल्या आईला तिथे नेलीस तर तिला धाप लागेल, डोकं दुखेल आणि ती तुला सांगायची नाही.

मग मोटरहोमसाठी राहिले टेटन आणि यलोस्टोन, आणि ते पुष्कळ आहेत. आपलं चांदोली राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१७ चौरस किलोमीटर, यलोस्टोन जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर. १८७२ साली झालेलं, जगातलं पहिलं. आतला मोठा वळसा, तो ग्रँड लूप, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आहे, साधारण २३० किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ४५ मैल आणि मध्येच गवे, म्हणजे तिथले बायसन, रस्त्यावर आले की गाड्या तासभर जागच्या हलत नाहीत. तू त्याला एक दिवस दिला आहेस. मी म्हणतो चार रात्री दे.

जाताना माझ्या मते असं कर. पहिला मुक्काम रॉलिन्सला, दुसरा डूबॉइसला. लॅरामी ते रॉलिन्स या महामार्गावर वारा फार असतो, उंच आणि हलक्या गाड्यांना तिथे कधीकधी बंदीही घालतात. पवनचक्क्यांजवळच्या सड्यावरून वाऱ्याच्या दिवसांत एसटी नेताना बस कशी एका अंगाला ढकलली जाते, ते मी खूप अनुभवलंय. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, वेग उतरवायचा आणि मोठा ट्रक बाजूने गेला की झटका बसणार हे आधीच धरून चालायचं. वारा फारच असेल तर सरळ थांबायचं. डूबॉइसहून तिसऱ्या दिवशी सकाळी टोग्वोटी पास चढायचा. तो तीन हजार मीटरच्या जवळपास आहे, आणि पलीकडे उतरताना समोर टेटनचे सुळके उभे राहतात. ते सकाळच्या उजेडात बघायचे, अंधारात चाचपडत उतरायचं नाही. मोबाइल तुला टेटन पासवरून वळवायला लागला तर ऐकू नकोस. तिथे दहा टक्के उतार आहे, आणि आपल्याला त्या बाजूला काही कामही नाही.

आता उताराचं. हे नीट वाच, प्रसादरावांनाही वाचून दाखव. ज्या गिअरमध्ये चढ चढलीस त्याच गिअरमध्ये उतरायचं. फोंड्याला घाट उतरून गाडी स्टँडला लागली की मी खाली उतरून चाकाजवळ तळहात धरायचो. हाताला नुसती ऊब लागली तर ठीक. ज्याने सगळा घाट ब्रेकवर उतरवला असेल त्याच्या गाडीजवळ जायच्या आधीच जळका वास यायचा, कधी ड्रममधून धूर. ब्रेक तापले की पेडल दाबलं जातं पण गाडी धरत नाही. तुमच्या गाडीला गिअर आपोआप पडतात, पण अशा गाड्यांना बहुतेक 'टो-हॉल' नावाचं बटण असतं. उतार लागायच्या आधी ते दाबायचं, मग इंजिनच गाडी रोखून धरतं. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरायचं नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग वाढला की एकदा घट्ट दाबून तो चांगला खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. आणि न्यूट्रल कधीच नाही, कितीही साधा उतार असो. चढताना गाडी दमल्यासारखी वाटेल. हवा विरळ असते, साधं पेट्रोल इंजिन दर ३०० मीटरला तीनेक टक्के ताकद गमावतं, म्हणजे टोग्वोटी पासवर पाव ताकद गेलेलीच. मागे गाड्या साचल्या तर वळणावरच्या मोकळ्या जागेत बाजूला हो, त्यांना जाऊ दे, मग निघ. पेट्रोल लिटरला चार किलोमीटरच्या हिशोबाने धर. आमच्या लाल गाड्याही भरल्या पोटी त्यापेक्षा फार देत नसत.

गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटव. पेट्रोल पंपाचं छत, झाडाची फांदी, सगळीकडे लागेल. वळताना गाडीचं मागचं बूड उलट्या बाजूला बाहेर जातं, ते पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात वळवून बघून घे. मागे घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे आणि त्याने तुझ्या बाजूच्या आरशात दिसत राहायचं. तो आरशात दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबायचं. आमचे कंडक्टर शिट्टी वाजवायचे, तिथे ते काम माझं. गाडी चालू असताना कोणी उठायचं नाही, सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं. आईला चहाची तलफ आली तर गाडी थांबव, पण तिला हलत्या गाडीत गॅसपाशी उभी राहू देऊ नकोस. केबिनवरचं ते माळ्यावरचं अंथरूण पोरांना दे. आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपायचा नाही.

यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजची जागा घे. तिथे पाणी, वीज आणि मैल्याचं पाणी सोडायची सोय तिन्ही एका जागी मिळतात, पार्कात तसं दुसरीकडे कुठे नाही. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर आहे म्हणून तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालत नाही, फक्त टणक भिंतींची. त्यामुळे आई रात्री निर्धास्त झोपेल. मात्र तिने सुकट आणि सुके बांगडे बांधायला काढलेत, ते मी इथेच थांबवणार आहे. वासाला अस्वल येतं. जेवण आत करायचं, भांडी आत घासायची, रात्री बाहेर ताटलीसुद्धा ठेवायची नाही. अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर, गव्यापासून २३ मीटर लांब राहायचा तिथला नियम आहे. गवा शांत चरताना दिसतो, म्हणून ओंकार पुढे धावेल. त्याचा हात मी धरीन.

कुकर मात्र नक्की घे. फिशिंग ब्रिजजवळचा यलोस्टोन तलाव २,३५७ मीटरवर आहे, पाणी तिथे ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या टोपात आपला उकडा तांदूळ शिजता शिजत नाही आणि डाळ तर नाहीच. घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात. आधी संडासाची सोडायची, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालून. हे काम मी करीन, प्रसादरावांनी संकोच करू नये.

तारखांचं म्हणशील तर मेअखेर नको. आमचा आंबा तोवर आटोपत नाही, आणि तिकडे वरच्या रस्त्यांवर बर्फ असतं. सप्टेंबरात हवा चांगली आणि गर्दी कमी असं तू लिहिलंस ते खरं आहे, पण गणपती सोडून मी येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. जूनचा दुसरा आठवडा धर. लावणीच्या कामाला आम्ही परत येऊ. जागांचं आरक्षण आत्ताच बघ. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या सकाळी इथे जी धांदल असते, तीच तिथे जूनच्या जागांसाठी असणार. टेटनला दोन रात्री, यलोस्टोनला चार, जाता-येता मिळून चार. दहाच रात्री होतात, बघ, तुझ्या बेतापेक्षा एकच दिवस जास्त. एकाही दिवशी सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची पाळी येत नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल बाबांनी निम्मा प्रवास कापला. पण मला तुझ्याबरोबर एका जागी बसायचं आहे, मुग्धा. सकाळी चहा घेऊन तलावाकाठी, घड्याळ न बघता. तू नोकरीला लागल्यापासून ते झालेलंच नाही.

गाडीवाल्यांकडून लांबी, उंची आणि भरल्या गाडीचं वजन लिहून घे आणि मला कळव. आरक्षण झालं की तारखा सांग, मग मी तिकिटं काढतो. प्रसादरावांना नमस्कार, ओंकार आणि छोटीला खूप आशीर्वाद.

तुझा,
बाबा