शेअर्ड लायब्ररींच्या सिमलिंकबाबत सूचना

नाशिक गटातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, लिनक्सचे पॅकेज (प्रोग्रॅम बसविण्यासाठीचा संच) बांधताना शेअर्ड लायब्ररींचे (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलींचे) सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे निर्देश करणारे दुवे, जसेच्या तसे राखावेत. कॉलेज रोडवरील मागील बैठकीत एका सभासदाचे पॅकेज उघडले, तेव्हा प्रत काढण्याच्या साध्या ‘सीपी’ (cp) आज्ञेने दुवे नाहीसे होऊन ‘लिबझेड.एसओ’, ‘लिबझेड.एसओ.१’ आणि ‘लिबझेड.एसओ.१.३.१’ या नावांनी एकाच लायब्ररीच्या तीन पूर्ण प्रती आत आढळल्या. पुढे त्यांतील एकच प्रत बदलली गेली, तर दोष शोधणे फार जिकिरीचे होते. म्हणून कृपया दुवे तसेच राखणारे ‘सीपी -ए’च (cp -a) वापरावे.

प्रोग्रॅम चालताना ‘.१’ असलेले नाव शोधले जाते, त्यामुळे तो दुवा मुख्य पॅकेजात हवा. विनाक्रमांकाचा दुवा केवळ लिंकिंगसाठी (प्रोग्रॅम तयार करताना त्याला लायब्ररी जोडण्यासाठी) लागत असल्याने तो डेव्हलपमेंट पॅकेजात (प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या पॅकेजात) ठेवावा. दुव्यात आपल्या बिल्ड फोल्डरचा (पॅकेज जिथे बांधले त्या फोल्डरचा) संपूर्ण मार्ग राहिलेला नाही, हे पॅकेज पाठविण्यापूर्वी दुवा कोठे जातो ते दाखविणाऱ्या ‘एलएस -एल’ (ls -l) आज्ञेने तपासावे.