खाडा पडला म्हणून नाव खोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवं वर्ष जवळ आलं की पुण्यात सोसायट्यांच्या फलकांवर आणि जिमच्या दारांवर ‘२१ दिवसांचं आव्हान’ झळकतं : २१ दिवस रोज व्यायाम केला की सवय जडते, असं म्हणतात. ही हौस मला मनापासून आवडते. माझी तक्रार आहे ती त्यातल्या एकाच नियमाबद्दल : एक दिवस चुकला की बाद.

मी पुण्याच्या पीएमपी बससेवेत वाहक आहे, वय ५१. दिवसभर उभं राहणं, अवेळी जेवणं, त्यात साखर काठावर आली होती, म्हणून गेल्या जानेवारीत आमच्या धनकवडीच्या सोसायटीतल्या आव्हानात नाव दिलं. पहाटे साडेपाचला खाली जमायचं आणि तळजाईपर्यंत चालून यायचं. पाळी आड येऊ नये म्हणून सहकाऱ्याशी बदलून महिनाभर दुसरी पाळी घेतली. रात्री भरणा करून घरी यायला साडेबारा व्हायचे, तरी पाचला उठत होतो. आठ दिवस गेलो. नवव्या दिवशी गजर झालेला कळलाच नाही. दहाव्या दिवशी खाली उतरलो, तर लिफ्टशेजारच्या तक्त्यावर माझ्या नावावर लाल रेघ होती. त्याच्या खालीच पहिल्या मजल्यावरच्या आजींचं नाव खोडलेलं होतं. त्या आदल्या दिवशी नणंदेच्या दहाव्याला गेल्या होत्या. वयाच्या ७२व्या वर्षी त्या नेमानं चालत होत्या. आठच दिवस झाले होते, पण त्या आठ दिवसांत त्यांचा चेहरा उजळला होता. त्यानंतर त्या चालायला आल्या नाहीत. मीही गेलो नाही.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की या २१ आकड्याचं मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं ‘किमान’ गळलं आणि आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला, त्यात रोजची एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. हे ऐकलं तेव्हा मला तक्त्यावरची ती लाल रेघ आठवली.

माझी आई चातुर्मासाचा नेम धरायची. हरिपाठ म्हटल्याशिवाय रात्रीचं जेवायचं नाही. चार महिन्यांत गावाला जाणं, सुतक, आजारपण, सगळं यायचं. खाडा पडायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा देवापुढे बसायची, कुणाला काही स्पष्टीकरण न देता. घरोघरी दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतात, महिनाअखेरीला पैसे वजा होतात, पण दोन खाडे झाले म्हणून कुणी रतीब बंद करत नाही.

गेल्या आषाढीला, ६ जुलैला, मीही नेम धरला. घड्याळाची वेळ ठेवली नाही, कारण वाहकाच्या घड्याळाला रोजची एक वेळ नसते. ठरवलं ते एवढंच : रात्रीचं जेवण झालं, स्वतःचं ताट घासून ठेवलं, की लगेच खाली उतरून आवारात पंधरा मिनिटं चालायचं. पहिल्या पाळीला हे आठलाच व्हायचं, दुसऱ्या पाळीला रात्री एक वाजता. त्या वेळी फक्त वॉचमन जागा असायचा, काही रात्री तोही दोन फेऱ्या बरोबर मारायचा. पहिले दीड महिने स्वतःला ढकलावं लागलं. नंतर कधीतरी लक्षात आलं की ताट पालथं घालताना पाय आपोआप चपलेकडे वळताहेत. पाऊस असला तर पार्किंगमध्ये चाललो. गणपतीत गर्दीच्या ड्युट्यांमुळे सलग तीन दिवस खाडा पडला. कार्तिकीपर्यंतच्या सुमारे १२० दिवसांत एकूण १७ खाडे झाले, सगळे कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच लिहिलेले आहेत. रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ टक्के होती, ती ५.९ वर आली. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांचं सांगते. २१ दिवसांनी केली असती, तर मला फारसं काही दिसलं नसतं आणि कदाचित मी सोडूनही दिलं असतं.

आव्हानं भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बक्षीस द्या, तक्ता लावा, पण बाद करू नका. पाळीत काम करणारे, घरात आजारी माणूस असणारे, लहान पोरांच्या आया, यांचे खाडे पडणारच, आणि चालण्याची खरी गरज त्यांनाच जास्त आहे. ‘साडेपाच वाजता’ ऐवजी ‘चहा झाल्यावर’, ‘पोरांना शाळेत सोडल्यावर’ असं ज्याचं त्याला ठरवू द्या.

आमच्या सोसायटीचा नवा तक्ता या आठवड्यात लागेल. त्यात लाल रेघेऐवजी ‘पुन्हा सुरू’ असा एक रकाना ठेवावा आणि पहिल्या ओळीत पहिल्या मजल्यावरच्या आजींचं नाव लिहावं, असं मी सेक्रेटरींना सांगून आलो आहे. आजींना विचारलं आहे. पायाला बरं वाटलं तर येते, म्हणाल्या.

आपला,
एक बसवाहक,
धनकवडी, पुणे